दुर्बीण नको, माशी बघ

स्पष्टच लिहिते. आमच्या भाच्याला पहिली एअर रायफल घ्यायची चालली आहे, आणि माझं म्हणणं असं की तिच्यावर दुर्बीण नको. साधी, उघडी साइट हवी. हे मी घरी चार वेळा सांगून झालं. चारही वेळा मासळीच्या भावावरून विषय बदलला गेला. म्हणून आता इथे लिहिते. निदान इथे मला मधे कुणी तोडत नाही, आणि दादूस हे पान गुपचूप वाचतो हे मला पक्कं ठाऊक आहे. (वाचतोयस ना? मग शेवटपर्यंत वाच.)

दादूसचा मुद्दा थोडक्यात असा : "दुर्बिन नाय त ती बंदूक कसली?" हा मुद्दा त्याचा स्वतःचा नाही. तो दुकानातून आलेला आहे. दुकानाचं नाव घेत नाही, पण तिथल्या माणसाने पोराचं वय विचारलं नाही, रायफल कशासाठी हवी हेही विचारलं नाही. रायफल, दुर्बीण, छर्ऱ्यांचा डबा आणि कव्हर असं सगळं 'पॅकेज' समोर ठेवलं आणि म्हणाला, दुर्बिणीने पहिल्या दिवसापासून नेम लागतो. झालं! आमचे बंधुराज पाघळले. पोरगा तर दुर्बिणीतून बघूनच हरखला. कोण नाही हरखणार?

आता पोराला हे कशासाठी हवं आहे ते आधी सांगते, कारण सगळं त्यावर आहे. तो आठवीत आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं, ते ह्याने आमच्याच टीव्हीवर पाहिलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. त्या दिवसापासून ह्याच्या डोक्यात शालेय नेमबाजी स्पर्धा बसली आहे. शाळेतर्फे उतरायचं, जिल्ह्यापर्यंत जायचं. चांगली गोष्ट आहे. पण दादूस, शालेय स्पर्धेत रायफलचे दोन गट असतात : ओपन साइट आणि पीप साइट. दुर्बिणीचा गट नाही. ऑलिंपिकमधल्या रायफल प्रकारांतही नाही. (दुर्बीण चालते ती 'रनिंग टार्गेट'ला, म्हणजे सरकत्या लक्ष्याला, आणि तो प्रकार ऑलिंपिकमधून केव्हाच गेला.) स्वप्नीलच्या रायफलीवर तुला जे नळकांडं दिसलं ना, ती दुर्बीण नव्हती. ती पीप साइट. मागे एक बारीक भोक, पुढे नळीच्या टोकाला एक कडी. आत वस्तू मोठी करणारं भिंग नाही.

म्हणजे ज्या वस्तूपायी पॅकेजचे पैसे वाढले, ती वस्तू ज्या खेळासाठी घेतली त्या खेळात चालतच नाही! क्रिकेट शिकायला पोराला हॉकीची काठी घेऊन देण्यातला प्रकार. आणि हे पैसे कुठून येणार ते मी सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात. त्या दोन महिन्यांची घरखर्चाची गाठ सोडून हे चाललंय.

पण समजा, स्पर्धा बाजूला ठेवली. समजा नुसतं शिकायचंच आहे. तरीही माझं म्हणणं तेच. आणि आता ते नियमामुळे नाही.

मी कॉलेजात एन.सी.सी.त होते हे बऱ्याच नातेवाइकांना आठवत असेल (परेडला जाताना बूट कोण पॉलिश करायचं हेही काहींना आठवत असेल!). तिथे आम्हाला .२२ची रायफल होती. दुर्बीण वगैरे काही नाही. मागे खाच, पुढे टोक. आमचे उस्ताद नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणायचे. मराठी कानाला पहिल्या दिवशी गंमत वाटली होती, पण महिन्याभरात कळलं की हा शब्द आहे तिथेच बरोबर आहे. रायफल खांद्यात कशी बसली, गाल लाकडाला दर वेळी त्याच जागी टेकतो का, श्वास कुठे थांबवायचा, बोट घोड्यावर कसं दाबत न्यायचं, हे सगळं त्यांनी आधी शिकवलं. कागद फार नंतर आला. आणि कागद आला तेव्हाही ते गुण मोजत नव्हते. पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या तेवढंच बघायचे. ग्रुपिंग. ग्रुप कुठेही का पडेना, घट्ट आहे ना? मग साइट फिरवून तो मध्यावर आणता येतो. सैल ग्रुप जगातल्या कुठल्याच साइटने घट्ट होत नाही. अंजली भागवत ह्याच वाटेने, एन.सी.सी.तून नेमबाजीत आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या.

नळीच्या टोकावरच्या त्या उंचवट्याला जुनी माणसं 'माशी' म्हणायची. उघड्या साइटचा सगळा खेळ म्हणजे मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य ह्या तिघांना एका ओळीत आणणं. डोळ्याला तिन्ही अंतरांवर एकदम स्पष्ट दिसत नाही, एकच निवडावं लागतं. निवडायची ती माशी. लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं, खाच थोडी धूसर दिसली तरी चालते, माशी मात्र धारदार दिसली पाहिजे. नवशिक्याला हे फार जड जातं, कारण त्याचा जीव लक्ष्यात अडकलेला असतो. तो काळ्या ठिपक्याकडे टक लावतो आणि माशी जाते कुठल्या कुठे.

दिवाळ्यातल्या माणसाला खरं तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. बाबा खाडीतून बाहेर पडल्यावर जाळं टाकायची जागा कशी धरायचे? एक जवळची खूण आणि एक लांबची. जवळची एखादी काठी नाहीतर देवळाचा कळस, लांबची कर्नाळ्याचा सुळका. दोन्ही एकावर एक आले की एक रेघ मिळाली. दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी जोडी. दोन रेघा जिथे कापतात तिथे जाळं. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच ह्याहून वेगळं काय आहे? आपण बोटीच्या घरातली माणसं. ओळ धरणं आपल्याला बाहेरून शिकायला नको.

ह्यावर दादूस काय म्हणणार ते मला आधीच माहीत आहे. "आता जीपीएस आलाय. खुणा कोण बघतो?" बरोबर! जीपीएस आला आणि चांगलं झालं. धुक्यात, रात्री, अनोळखी पाण्यात त्याने माणसं वाचतात. पण जीपीएस तुला तू कुठे आहेस ते सांगतो. जे काम खुणा करत होत्या तेच काम तो जास्त नीट करतो. दुर्बीण तसं काही करत नाही. ती फक्त मोठं दाखवते. तुझी रायफल हलते आहे ती ती थांबवत नाही. तुझं बोट झटका देतं तो ती अडवत नाही. आणि दहा मीटरवर मोठं दाखवण्याची गरजच काय? दहा मीटर म्हणजे आपल्या ओट्यापासून गल्लीपलीकडच्या तिसऱ्या ओट्यापर्यंत. एअर रायफलच्या कागदावरचा काळा गोल ३०.५ मि.मी. व्यासाचा असतो, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. तेरा वर्षांच्या पोराला तो दिसत नसेल तर दुकानात नको, डोळ्याच्या डॉक्टरकडे ने.

हां, त्या काळ्याच्या मधला दहाचा ठिपका मात्र फक्त अर्ध्या मि.मी.चा. तो कुणालाच दिसत नाही. स्वप्नीलच्या प्रकारात अंतर पन्नास मीटर आणि ठिपका त्या मानाने मोठा, पण तोही नुसत्या डोळ्याने दिसतो असं नाही. ही मंडळी न दिसणाऱ्या ठिपक्यात मारतात, कारण ती ठिपक्याकडे बघतच नाहीत. कडी आणि काळा गोल ह्यांच्यामधली पांढरी रिंग सगळीकडून सारखी आहे का, तेवढं बघतात. माझ्या मते ह्या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट ती आहे, आणि दुर्बीण नेमकी तीच पोरापासून लपवते.

आता मोठं दाखवण्याचा तोटा. चारपट दुर्बिणीतून लक्ष्य चारपट दिसतं, तसं हलणंही चारपट दिसतं. नवशिक्याचा हात हलणारच. पहिली काही वर्षं हलतो, नंतर कमी हलतो, अगदी थांबत कधीच नाही. उघड्या साइटमध्ये ते हलणं थोडंसं दिसतं, आणि शिकवणारा सांगतो की हलू दे, तू बोट सावकाश दाबत राहा. दुर्बिणीत तेच हलणं म्हणजे वादळात सापडलेली होडी. फुली ठिपक्यावरून सर्रकन इकडून तिकडे जाते. मग पोरगा काय करतो? फुली मध्यावर आली रे आली की झटकन घोडा ओढतो. दर वेळी. ही झडप एकदा बोटात बसली की काढायला वर्ष जातं. म्हणून तर कित्येक प्रशिक्षक नवीन मुलांना कागद उलटा लावून, कोऱ्या पांढऱ्यावर मारायला लावतात. लक्ष्य काढून घेतात! आणि आपण ते चारपट करून द्यायला निघालो आहोत.

दुसरी गोष्ट दुकानातला माणूस कधी बोलणार नाही. ह्या स्वस्त दुर्बिणी लांबच्या पल्ल्यासाठी बसवलेल्या असतात, बऱ्याचदा शंभर यार्डांसाठी. दहा मीटरवर त्यातून बघताना डोळा जरा कडेला गेला की फुली लक्ष्यावरून सरकते, रायफल जागची न हलता. ह्याला पॅरलॅक्स म्हणतात. २० मि.मी. भिंगाच्या, शंभर यार्डांना बसवलेल्या दुर्बिणीत दहा मीटरवर ही चूक वाईटात वाईट नऊ मि.मी.पर्यंत जाऊ शकते. कागदावरची वर्तुळं अडीच-अडीच मि.मी.वर असतात. म्हणजे साडेतीन वर्तुळं गेली, आणि पोराला वाटणार आपला हात वाईट. हात नव्हे, गाल जागेवर नव्हता. उघड्या साइटमध्येही गाल हलला तर चूक होते, उलट जास्तच होते. खाच आणि माशीत पंचेचाळीस सें.मी. अंतर धरलं तर माशी एक मि.मी. बाजूला दिसली की छर्रा दहा मीटरवर बावीस मि.मी. बाजूला पडतो. पण ती चूक डोळ्यासमोर दिसते! माशी खाचेच्या डावीकडे आहे हे आंधळ्यालाही कळेल. दुर्बिणीत फुली ठिपक्यावरच असते आणि छर्रा भलतीकडे. ज्या चुकीचं कारण दिसतं ती पोरगा स्वतः सुधारतो. जिचं दिसत नाही तिच्यावर तो रडतो आणि महिन्याभरात रायफल माळ्यावर जाते.

त्यात ही स्प्रिंगची रायफल. नळी मोडून भरायची, आतलं दट्ट्या-स्प्रिंगचं यंत्र सुटलं की आधी मागे आणि लगेच पुढे धक्का बसतो. साध्या दुर्बिणीला हा दोन बाजूंचा धक्का सोसत नाही. स्क्रू ढिले होतात, आतली फुली सरकते. मग दर रविवारी नेम 'लावण्यात' अर्धा डबा छर्रे संपतात. (जाता जाता : स्प्रिंगची रायफल रिकामी उडवायची नाही. पुढे छर्रा नसला की दट्ट्या हवेच्या उशीशिवाय आपटतो. शेजारच्या पोरांना 'फक्त आवाज' ऐकवायला तर मुळीच नाही.)

अभिनव बिंद्राची गोष्ट ह्याच संदर्भात सांगते. २००८ ला बीजिंगमध्ये अंतिम फेरीच्या आधीच्या सरावात त्याचा पहिला छर्रा चारात गेला. साइट हललेली होती, हे त्यानेच नंतर सांगितलं आहे. ऑलिंपिक फायनल, हातात मोजकी मिनिटं, आणि दहाच्या ऐवजी चार! त्याला कळलं की चूक आपल्या हाताची नाही, साइटची आहे. क्लिक फिरवले, परत दहात आला, शेवटचा छर्रा १०.८ चा मारला आणि ७००.५ वर सुवर्ण. हात कुठला आणि साइट कुठली, हे ओळखता येणं ही विद्या आहे. ती विद्या पहिल्याच दिवशी पॅकेजमध्ये मिळत नाही.

न्यू जर्सीहून मामेभावाचा निरोप आला आहे की तिकडे सगळे दुर्बीणच लावतात. शिकारीला लावत असतील रे बाबा. तुझ्याच देशात शाळकरी मुलांच्या थ्री-पोझिशन एअर रायफल स्पर्धा होतात. त्यात स्वस्त रायफलींचा गट वेगळा आणि महागड्यांचा वेगळा, आणि दोन्हीकडे पीप साइट. जरा चौकशी कर आणि कळव.

उलट बाजूने माझी वकिली करणाऱ्या एका ब्लॉगर मित्राने फिनलंडच्या सिमो हायहाचं उदाहरण पाठवलं. १९३९-४०च्या हिवाळ्यात त्याने उघड्या साइटने रशियन सैन्याला कसं बेजार केलं वगैरे. आभार, पण हे उदाहरण मला नको. तो बर्फात लपून बसायचा, दुर्बीण लावली तर डोकं वर काढावं लागलं असतं, भिंग चमकलं असतं. त्याची कारणं वेगळी होती. आमचा पोरगा दहा मीटरवरच्या कागदाशी लढतो आहे.

आणि आता ज्यासाठी मी खरी हटून बसले आहे ते. दुर्बीण बसवली की रायफल कागदाकडे वळत नाही, खाडीकडे वळते. हे मी उगाच बोलत नाही. दुर्बिणीतून आधी काय बघावंसं वाटतं? तारेवरचा बगळा. तिवरांवरचा खंड्या. हिवाळ्यात चिखलात उतरलेले रोहित. बघता बघता फुली त्यांच्यावर जाते, आणि बोट तर घोड्यावरच असतं. ४.५ मि.मी.ची, २० जूलपर्यंतची एअर रायफल परवान्याशिवाय मिळते म्हणून लोक तिला खेळणं समजतात. तिने पक्षी मरतो. माणसाचा डोळा जातो. पाखरू मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कावळा तेवढा पूर्वी 'उपद्रवी' म्हणून सुटायचा, २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. दादूस म्हणतो, "आपला पोरगा काय कावले मारनार हाय?" नाही मारणार. चांगला पोरगा आहे. पण मग त्याच्या हातात कावळा चारपट दाखवणारी वस्तू का देतोस? कागद ठरलेल्या जागी, मागे लाकडाची जाड पेटी, बाजूला मोठं माणूस, आणि खाच-माशी. एवढ्यावर मी पण रविवारी सकाळी येऊन बसते.

पीप साइट लगेच का नाही, असं वहिनीने विचारलं. रास्त प्रश्न आहे. पीप जास्त सोपी आणि जास्त अचूक. बारीक भोकातून बघितलं की डोळा आपोआप मध्यावर येतो. पण स्पर्धेच्या पीप साइटच्या परदेशी रायफली लाखांत जातात, आणि पोराला दोन महिन्यांनी फुटबॉल आवडायला लागला तर? आधी सहा महिने उघडी साइट. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर ह्यांनी २००६ मध्ये 'लक्ष्य' क्लब सुरू केला, आपल्यापासून बस-लोकलच्या अंतरावर. सुमाताई २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होत्या. रायफल घेण्याआधीच पोराला अशा एखाद्या रेंजवर नेऊन आण. चार मुलं कशी उभी राहतात, किती वेळ नुसती रायफल धरून उभी राहतात आणि किती कमी वेळा उडवतात, ते त्याला बघू दे. तुलाही बघू दे. दुर्बिणीचे पैसे वाचतात त्यात चांगले छर्रे येतील, कागद येतील आणि तिकडचे काही दिवस निघतील.

दुर्बिणीच्या बाजूने एकच मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मामांचा आहे. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं. माशी धारदार दिसतच नाही, मग खाचेत ती कशी बसवणार? दुर्बिणीत फुली आणि लक्ष्य एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात, म्हाताऱ्या डोळ्यांची सोय होते. मामा, तुम्हाला हौस असेल तर तुम्ही खुशाल दुर्बीण लावा, चांगली, एअर रायफलचा धक्का सोसणारी आणि जवळच्या अंतराला जुळवता येणारी. फक्त ती तुमच्या वेगळ्या रायफलीवर. पोराच्या रायफलीवर लावून 'दोघांना एकच होईल' हा जो बेत तुम्ही आणि दादूसने शनिवारी ओट्यावर बसून केलात, तो मला वहिनीने सांगितला आहे.